न्यायाधीश निवृत्त झाला की मध्यस्थ झालाच का?

शाहूपुरी_वकील:
काल इथं एकानं लिहिलं, ‘तीस वर्षं निकाल दिलेल्या माणसाला मध्यस्थी काय शिकवायची? निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पाटी लावावी.’ राहवलं नाही. निकाल द्यायची सवयच तिथं आडवी येते. पहिल्या बैठकीत ‘तुमची बाजू लंगडी आहे’ म्हटलं की तो पक्षकार गप्प होतो, संपली तडजोड. 40 तासांचं प्रशिक्षण त्यासाठीच असतं. एकेकाशी वेगळं बसायचं, त्यानं सांगितलेलं परवानगीशिवाय दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. न्यायाधीशाला उलट सगळं दोघांसमोरच ऐकायची सवय.

उद्यमनगर_फौंड्री:
साफ अमान्य. कास्टिंगच्या बिलावरून भांडणारे साध्या मध्यस्थाला जुमानत नाहीत, जजसाहेबांना जुमानतात. खरं दुखणं फी आहे, त्यावर बोला की!

शाहूपुरी_वकील:
वचक हवा तर लवादाकडं जा, म्हणजे निवाडा देणाऱ्या खासगी पंचाकडं. मध्यस्थ फक्त तडजोड घडवतो. दोन्ही एकच समजून बोलायलाय तुम्ही. 20 लाखांच्या दाव्याला लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणं लवादाची फी 45,000 अधिक 5 लाखांवरच्या रकमेचे साडेतीन टक्के, म्हणजे 97,500. लवाद एकटाच असेल तर आणखी 25 टक्के, एकूण 1,21,875. एकतर्फी फी ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्येच सांगितलंय.

उद्यमनगर_फौंड्री:
कागदावर! पहिल्याच बैठकीत साहेबांनी वाढीव आकडा सांगितला तर ‘नाही’ कोण म्हणणार? निवाडा त्यांच्याच हातात. आणि तारीख पे तारीख तिथंही.

ताराबाईपार्क:
‘नाही’ म्हणणं जड जातं, हे खरं. पण तारखांना लवाद कायद्याचं कलम 29अ आहे. दावा-कैफियत 6 महिन्यांत, तिथून 12 महिन्यांत निवाडा, दोघांच्या संमतीनं आणखी 6. पुढं न्यायालयाकडं मुदत मागायची, आणि उशीर लवादामुळं झाला असेल तर महिन्याला 5 टक्क्यांपर्यंत फी कापता येते. कोर्टातली सवय घेऊन आलेले इथंच अडकतात, प्रत्येक मुदतअर्ज मंजूर करत बसतात. मात्र निवाड्याला कारणं लिहावी त्यांनीच. कलम 34 खाली कोर्टात आव्हान दिलं तरी तो टिकतो.

उद्यमनगर_फौंड्री:
टिकेल, पण पैसे कधी? आव्हानाला 3 महिने, वर 30 दिवस, मग वसुलीची दरखास्त. तोवर भट्टी थंड.

शाहूपुरी_वकील:
म्हणून तर व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम 12अ. 3 लाख किंवा जास्तीचा व्यापारी वाद, तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. 3 महिने, संमतीनं आणखी 2. समझोत्याला लवादाच्या निवाड्याचीच ताकद.

उद्यमनगर_फौंड्री:
समोरचा आलाच नाही तर?

शाहूपुरी_वकील:
तसा अहवाल मिळतो, तो जोडून दावा लावायचा. मध्यस्थीत गेलेला काळ दावा लावायच्या मुदतीत धरत नाहीत.

उद्यमनगर_फौंड्री:
बरं, प्रशिक्षणाचं मानलं. फीचं मानत नाही. आकडा नेमणुकीआधी लेखी हवा, सही करूनच.