डेमो उतरवावा की गेम घेऊन दोन तासांत परत करावा?

घोडबंदरकर: स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) एका गेमचा डेमो, म्हणजे चाखून बघायचा फुकट तुकडा, ९ जीबीचा आहे. आमच्या सोसायटीत नेट मंद, म्हणून आधी विचारतो. लॅपटॉपला जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम आहे. डेमो चालला म्हणजे पूर्ण गेम चालेल का? प्रगती पुढे नेता येते का? की सरळ विकत घेऊन, नाही पटला तर पैसे परत मागावेत?

ऐरोली_पीसी: आधी डेमोच. खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच पैसे सहज परत मिळतात. गेम नुसता उघडा असला तरी घड्याळ चालू राहतं. पहिल्यांदा शेडर (प्रकाश-सावली रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात आणि सेटिंग लावण्यातच त्यातला बराच वेळ जातो. डेमोचे तास मात्र वेगळे मोजले जातात, तेव्हा सगळी सेटिंगची झटापट तिथेच उरका.

गेमच्या पहिल्या खोलीत सेकंदाला ६० फ्रेम दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. गर्दीच्या किंवा मोकळ्या मैदानाच्या जागी किमान २० मिनिटं खेळा, कारण लॅपटॉप तापला की वेग पडतो. १६५० ला ४ जीबीच व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी. कॅमेरा झटकन वळवताना चित्र अडखळलं तर टेक्स्चरचं (पृष्ठभागांवरच्या चित्रांचं) सेटिंग एक पायरी खाली आणा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९०% च्या वर राहत असेल तर ८ जीबी रॅमच अपुरी पडतेय, ग्राफिक्स कमी करून फारसा फरक पडणार नाही.

कोपरखैरणे_रेट्रो: एक सांगायलाच हवं: डेमो बरेचदा गेमच्या जुन्या बिल्डचा (आवृत्तीचा) असतो, त्यामुळे पूर्ण गेम हलका किंवा जडही निघू शकतो. शेअरवेअरच्या काळी, म्हणजे गेमचा पहिला भागच फुकट वाटायचे तेव्हा, तसं नव्हतं. अपोजी या गेम कंपनीच्या स्कॉट मिलरने १९८७ मध्ये क्रोझ या गेमचा पहिला भाग फुकट वाटला आणि पुढचे भाग विकले. १९९३ च्या डूम या गेममध्ये पहिल्या एपिसोडचे ९ लेव्हल अख्खे फुकट, वर कॉपी करून वाटायची मुभा! मग मासिकांसोबत डेमोंच्या सीडी आल्या. वेगळा तुकडा कापून, तपासून देणं खर्चिक, म्हणून मधल्या काळात डेमो कमी झाले. आता स्टीम नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या महोत्सवामुळे पुन्हा भरपूर मिळतात.

वाशी_सेव्हफाइल: प्रगतीचं गेमच्या पानावर लिहिलेलं असतं. ड्रॅगन क्वेस्ट ११ एसच्या डेमोतली प्रगती पुढे जाते; सगळ्यांचंच तसं नाही. युनिटी इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) बनलेल्या गेमचे सेव्ह, म्हणजे प्रगतीच्या फाइल, बहुधा विंडोजच्या ॲपडेटातल्या लोकललो फोल्डरमध्ये, अनरियल इंजिनवाल्यांचे लोकलमध्ये. आधी बाजूला कॉपी ठेवा, मगच डेमो काढा. काही गेम सेव्ह इन्स्टॉलच्याच फोल्डरमध्ये ठेवतात आणि तो पुसला जातो. आणि घोडबंदरकर, मंद नेटची काळजी नको: डाउनलोड मध्येच थांबवलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. डिस्कवर मात्र ९ जीबीपेक्षा जास्त जागा मोकळी ठेवा.