बेळगावी मराठीवर पेपर तयार आहे, कुठल्या परिषदेला पाठवू?

खानापूरची_पोर

नमस्कार मंडळी. भाषाशास्त्रात एम.ए. झालंय, पीएच.डी.चं पहिलं वर्ष चालू आहे. खानापूर तालुक्यातली दोन गावं आणि बेळगावातला गणपत गल्लीचा बाजार मिळून साडेअकरा तासांचं बोलणं रेकॉर्ड केलंय, प्रत्येकाला विचारून. त्यातले चार तास लिहून काढले आणि मराठीसाठी तयार मिळणाऱ्या एका टॅगरमधून (प्रत्येक शब्द नाम, क्रियापद की आणखी काही ते ठरवणारी संगणकाची प्रणाली) घातले. गंमत तिथं झाली.

माझी आज्जी रेकॉर्डिंगमध्ये म्हणते, "मी बाजारला जाऊन आलो, मेथी घेतलो दोन पेंड्या." यंत्रानं 'आलो' बघून आज्जीला पुरुष ठरवलं, आणि 'घेतलो'चं काय करायचं ते न कळून त्याला नाम म्हणून टाकलं. चार तासांत असं पानोपानी आहे. आमच्याकडच्या बायका आलो-गेलो-केलो म्हणतात हे इथं सांगायला नको, पण यंत्राला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यावरच पेपर लिहिलाय.

आता अडचण. गाईड सर म्हणतात, एक तरी 'आंतरराष्ट्रीय' परिषद पाहिजे. मेलमध्ये रोज आमंत्रणं येतात. माझ्या मैत्रिणीनं अशाच एका ठिकाणी साडेसहा हजार भरले. तिसऱ्या दिवशी पेपर स्वीकारला म्हणून पत्र आलं, झूमवर पाच मिनिटं बोलायला मिळालं, तिच्या आधी ऊस कारखान्याच्या मळीवर पेपर होता आणि नंतर दातांच्या मुळांवर. प्रमाणपत्र मात्र सोनेरी. मला तसं नको. पासपोर्ट अजून काढलेला नाही, स्कॉलरशिपचे पैसे कधी येतील ते देवाला माहीत. जाणकारांनी सांगा की.

निपाणीकर

एसीएलला टाक. लागलं तर लागलं.

पुण्यातला_बेळगावकर

निपाणीकर, 'लागलं तर लागलं' म्हणून लॉटरीचं तिकीट घेतात, पेपर पाठवत नाहीत. मी भाषा-तंत्रज्ञानाच्या कामात आहे, जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी नकाशा समजून घ्या. एसीएल ही संगणकीय भाषाशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना, 1962 सालची. तिच्या नावाची मोठी परिषद दरवर्षी होते, शिवाय ईएमएनएलपी ही आणखी एक मोठी परिषद आणि युरोप, अमेरिका, आशिया अशा खंडवार परिषदा. आशियाची एएसीएल 2025 च्या डिसेंबरात मुंबईत आयआयटीत झाली, म्हणजे तुमचं वर्षभर आधी तयार असतं तर रेल्वेच्या तिकिटात काम होतं. कोलिंग ही त्याच विषयाची पण वेगळी परिषद, 1965 पासूनची, तीही 2012 ला आयआयटी मुंबईतच भरली होती. एलआरईसी ही भाषिक साधनसामग्रीची (बोलण्याचे-लेखनाचे संग्रह, कोश वगैरे) परिषद, 1998 ला स्पेनमधल्या ग्रानाडात सुरू झाली, दर दोन वर्षांनी सम वर्षी होत आलीय. 2024 ला ती आणि कोलिंग मिळून इटलीत तोरिनोला झाल्या.

आता तुमच्या कामाचं. तुमच्याकडे नवीन मॉडेल नाही, नवीन डेटा आहे आणि एक नेमकी खोड सापडलेली आहे. मोठ्या परिषदेच्या मुख्य दालनात परीक्षकाला मराठीच माहीत नसते, बेळगावी तर लांबच. तो लिहितो, 'डेटा लहान आहे', आणि पुढं जातो. त्यामुळे परिषद केवढी मोठी ते नंतर बघा, 'घेतलो' ही चूक नाही हे ज्याला कळतं असा माणूस परीक्षक म्हणून कुठं बसलाय ते आधी शोधा. ते लोक बहुतेक वेळा कार्यशाळांत सापडतात. एलआरईसीबरोबर विल्डर नावाची कार्यशाळा असते, खास भारतीय भाषांच्या साधनांवर. बोलीभेदांवर वारडायल आहे. भाषामिश्रणावर कॅल्क्स आहे, पण तुमचा विषय मिश्रणाचा नाही, मराठीच्या व्याकरणात कानडी मुरल्याचा आहे. तो फरक पहिल्या पानावरच सांगा, नाहीतर परीक्षक 'कानडी शब्द कुठायत?' म्हणून विचारेल. द्राविडी भाषांच्या कार्यशाळेत मराठी म्हणून टाकाल तर दारातूनच परत यायची शक्यता जास्त.

एसीएलमध्ये विद्यार्थ्यांची वेगळी कार्यशाळा असते. तिथं पाठवण्याआधी एखादा अनुभवी माणूस मसुदा वाचून सूचना देईल अशी सोय असते. तुम्हाला ती नक्की वापरायला सांगेन. माझा पहिला मसुदा वाचणाऱ्यानं एवढंच लिहिलं होतं, 'तिसऱ्या पानावरचं वाक्य पहिल्या पानावर आण.' तेवढ्यानं पेपर सुधारला.

बारीकसारीक पण महत्त्वाचं. लांब पेपर आठ पानांचा, छोटा चार पानांचा, संदर्भांची पानं वेगळी. 'मर्यादा' नावाचा भाग द्यावाच लागतो, तो पानांत मोजत नाहीत, पण विसरलात तर पेपर न वाचताच परत येतो. परीक्षण नाव झाकून होतं, तेव्हा 'माझी आज्जी' असं लिहू नका, 'वक्त्री क्र. 3' लिहा (आज्जीची माफी मागून). मुख्य परिषदांना आता पेपर थेट जात नाही, आधी एआरआर नावाच्या सामाईक परीक्षणात टाकायचा, अभिप्राय आले की ते घेऊन परिषद निवडायची. कार्यशाळा सहसा थेट घेतात. आणि टॅग तुम्ही एकटीनं तपासले असतील तर दुसऱ्या कुणाकडून तेच दोनशे-तीनशे वाक्यं स्वतंत्रपणे करून घ्या, दोघांचं किती जुळतं त्याचा कॅपा (योगायोगानं जुळलेलं वजा करून जुळणी मोजणारा आकडा) काढा. हा प्रश्न शंभर टक्के येतो.

चोर्लामार्गे

आयकॉन कसं विसरलात? भारतातली एनएलपीची, म्हणजे यंत्राला माणसांची भाषा शिकवण्याच्या शास्त्राची वार्षिक परिषद, बहुतेक डिसेंबरात, दरवर्षी नव्या गावी. 2023 ला गोवा विद्यापीठात होती. मी बेळगावातून पहाटे गाडी काढून चोर्ला घाटानं गेलो, ताळगावच्या पठारावर चहाला वेळेत पोचलो. आयकॉनमधले पेपर एसीएल अँथॉलॉजी या जालावरच्या संग्रहात चढतात, म्हणजे जगात कुणीही फुकट उघडून वाचू शकतो. गाईड सरांना तेवढं दाखवा.

मला आवडलं ते दुसरंच. पोस्टरसमोर उभा होतो, तर एक मल्याळी बाई आल्या, एक मणिपुरी पोरगा आला, तिघांचं दुखणं एकच निघालं, आपापल्या गावची बोली यंत्राला कळत नाही. मोठ्या परिषदेत असं माणूस भेटायला तीन दिवस शोधावं लागतं.

डेक्कनजवळ

तुम्ही सगळे संगणकवाले एका बाजूनं बोलताय. ताई भाषाशास्त्राच्या आहेत. भारतीय भाषाशास्त्र संस्था 1928 पासूनची, कार्यालय पुण्यात डेक्कन कॉलेजात. तिची वार्षिक परिषद, इकोल्सी, दरवर्षी वेगवेगळ्या विद्यापीठात भरते. तिथं आधी गोषवारा मागतात, तेव्हा अर्धवट कामही मांडता येतं.

आणि पेपरात कुपवाडचा उल्लेख आहे ना? नसेल तर आजच घाला. सांगलीजवळचं कुपवाड, तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी तिथल्या मराठी, कानडी, उर्दू, तेलुगूवर लिहिलेला लेख 1971 ला छापला. शब्द वेगळे राहिले पण वाक्याचा सांगाडा एक होत गेला, असं त्यांचं म्हणणं. जगभर भाषासंपर्काच्या वर्गात तो शिकवतात. परदेशी परीक्षकाला बेळगाव ठाऊक नसेल, 'कुपवार' (इंग्रजी लेखात नाव तसंच आहे) ठाऊक असतं. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं केलेलं बोलींचं सर्वेक्षणही जालावर खुलं आहे, त्यात कर्त्याच्या 'ने'चं आणि क्रियापदाच्या जुळणीचं गावोगावचं वाटप बघायला मिळतं. तुमचे चार तास त्याच्या शेजारी ठेवा, मग 'डेटा लहान' कुणी म्हणणार नाही.

निपाणीकर

बरं, मी गप्प. पण 'मी केलो' कानडीमुळं आलं हे खरं काय? आमच्या मास्तरांनी अशुद्ध म्हणून छड्या मारल्यात त्याबद्दल.

डेक्कनजवळ

कानडीत 'नानु माडिदे', क्रियापद करणाऱ्याप्रमाणे चालतं. आणि 'नानु बंदे' बाईही म्हणते, पुरुषही म्हणतो, 'मी'बरोबर लिंगभेद नाही. आज्जीचं 'आलो' तिथून आलं असणं सोपं आहे. पण पूर्ण कानडीवर ढकलू नका. पुण्याच्या मराठीतही 'मी पाणी प्यालो', 'मी धडा शिकलो', 'मी छत्री विसरलो' असंच म्हणतात, 'मी छत्री विसरली' नाही. कर्म असूनही क्रियापद कर्त्याच्या मागं जातं. म्हणजे दाराला फट होती, सीमाभागात ते सताड उघडलं. छड्या मारणाऱ्या मास्तरांनी छत्री विसरताना काय म्हटलं असतं ते विचारा.

येळ्ळूरचे_मास्तर

मी छड्या मारणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा ऐकून घेतलं. पोरी, एक सुचवू? कडोली, उचगाव, आमचं येळ्ळूर, इथली मराठी साहित्य संमेलनं दरवर्षी होतात. तुझ्या यंत्रानं आज्जीला पुरुष केलं, ही गोष्ट तिथल्या मांडवात सांग. लोक आपणहून आणखी वाक्यं आणून देतील, तेही मोफत. प्रमाणपत्र मिळणार नाही, नारळ आणि शाल मिळेल.

खानापूरची_पोर

सर, हे डोक्यातच आलं नव्हतं. येळ्ळूरला नक्की येते.

बाकीच्यांनाही मनापासून धन्यवाद. कुपवाडचा लेख मला माहीत होता, पण एका ओळीत उरकला होता, आता नीट घालते. 'वक्त्री क्र. 3' म्हटल्यावर आज्जी म्हणाली, "तीन का? एक का नाही?" ठरवलंय असं: व्याकरणाचा भाग इकोल्सीला गोषवारा म्हणून, यंत्राच्या चुकांचा भाग आयकॉनला. दोन वेगळे लेख, एकच दोनदा नाही. विल्डर पुढच्या खेपेला, पासपोर्ट आल्यावर. पुण्यातल्या दादा, बाहेर गेलंच तर पैशाचं काय करतात?

पुण्यातला_बेळगावकर

पेपर लागल्यावर परिषदेच्याच संकेतस्थळावर बघा, विद्यार्थ्यांना फी माफी किंवा मदत असते, स्वयंसेवक झालात तर नोंदणी सुटते. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन नोंदणी स्वस्त असते. संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या एएनआरएफकडे प्रवासखर्चाचा अर्ज करता येतो, पण तो खूप आधी टाकावा लागतो. अर्ज मंजूर व्हायच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका, मी काढलं होतं.

आणि बनावट परिषद ओळखायची एक साधी खूण: मागच्या तीन वर्षांचे पेपर कुठं आहेत ते शोधा. खऱ्या परिषदेचे दोन मिनिटांत उघडतात.

उद्यमबाग

उशिरा आलो. मी इंजिनिअरिंगला शिकवतो, कोड माझ्याकडं लागलं. तुमच्या चार तासांवर पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचं महाबर्ट हे मराठीचं तयार मॉडेल थोडं शिकवून बघू, टॅगर सुधारतोय का ते आकड्यात दाखवता येईल. आयकॉनला नुसत्या चुका दाखवण्यापेक्षा ते वजनदार होईल. शिवाय मी घरी 'केलो'च म्हणतो, दुसरा टॅग लावणारा म्हणून मलाच धरा.

खानापूरची_पोर

सर, चालेल की! फक्त तुम्ही टॅग लावणार तर माझे टॅग आधी दाखवणार नाही. रविवारी दुसऱ्या रेल्वे गेटजवळ भेटायचं काय? पेन ड्राइव्ह घेऊन येते, रेकॉर्डिंग मेलवर पाठवायचं नाही असं लोकांना सांगितलंय.

उद्यमबाग

रविवारी आमच्याकडं वास्तुशांत आहे. सोमवारी सहा वाजता. पेन ड्राइव्हबरोबर संमतीपत्राचा नमुनाही आणा, आयकॉनला त्याबद्दल एक परिच्छेद लागेल.