कुत्र्याच्या पायात टिकणारे बूट सुचवा (तातडीने मदत हवी आहे)

मृगनक्षत्र:
कुत्र्याच्या पायात टिकतील असे बूट कुणाला माहीत आहेत का? ऑनलाइन दोन जोड मागवले. एक दहा पावलांत निघाला. दुसरा घातला की हा पाय अधांतरी धरून उभाच राहतो. "घरातच ठेवा" असं कृपया सांगू नका, तो घरात शी-शू करत नाही.

ओसरी:
जात, वजन, गाव? बूट चिखलासाठी की उन्हासाठी?

मृगनक्षत्र:
लॅब, ३४ किलो, नागपूर. मे महिन्यात उन्हाशिवाय कशासाठी मागणार!

ओसरी:
माप कसं घेतलंत? पंजा हातात धरून घेतलं तर चुकतं. कागदावर उभं करा, दुसरा पाय उचला, म्हणजे भार पडून पंजा पसरतो. मग रेघ मारा. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात, दोन मापं लागतील. घरात रोज पाच मिनिटं घालून खाऊ द्या, आठवड्यात सवय होते.

खाडीकाठ:
बूटबीट काही नको. खोबरेल चोळा. आमच्या मोतीला बारा वर्षं तेच लावलं.

ओसरी:
तेलाने भेगा भरतील, चटका कसा थांबेल? तुमचा मोती अंगणात मातीवर होता, हा सिमेंटवर चालतोय.

खाडीकाठ:
अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडा.

वऱ्हाडी ठेचा:
फिरवता किती वाजता?

पेन्शनर:
सगळीकडे सिमेंटचे रस्ते केले, झाडं तोडली, त्याचं हे फळ. आमच्या लहानपणी सिव्हिल लाइन्समध्ये दुपारीही सावलीतून जाता यायचं.

वऱ्हाडी ठेचा:
काका, खरं आहे, पण ताई, वेळ सांगा ना.

मृगनक्षत्र:
सकाळी नऊ, संध्याकाळी सात. सातला ऊन नसतं, त्यामुळे सकाळचाच प्रश्न आहे.

वऱ्हाडी ठेचा:
ऊन गेलं म्हणून रस्ता थंड होते का बाप्पा? दिवसभर तापलेलं सिमेंट रात्रीपर्यंत आग सोडत राहते. अजून तर नवतपा, मे अखेरचे ते सर्वात तापते नऊ दिवस, लागायचा आहे. खाली जा, हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवा अन् सातपर्यंत मोजा. नाही ठेववला हात, तर त्याला चालवू नका.

मृगनक्षत्र:
आत्ता करून आले. सव्वासात वाजलेत. चारलाच हात उचलला.
वर येऊन त्याचे पंजे उलटे करून पाहिले. मागच्या डाव्या पायाच्या मोठ्या गादीची कातडी दुधावरच्या सायीसारखी सुटली आहे, खाली लालभडक. दोन रात्री तो तिथे चाटत होता, मला वाटलं डास चावला. बूट घातल्यावर पाय का उचलायचा ते आता कळलं. खूप वाईट वाटतंय.

रात्रपाळी:
अर्धी पेनकिलर द्या, आपलीच. झोपेल शांत.

ओसरी:
अजिबात देऊ नका! आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलही मनाने नको. व्हेट देतील तेच द्या.

रात्रपाळी:
आमच्याकडे दिली होती, काही झालं नाही.

ओसरी:
नशीब. दुसऱ्याच्या कुत्र्यावर नको. ताई, साध्या गार पाण्याने हलकेच धुवा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. जस्ताचं मलमसुद्धा नको, चाटून पोटात गेलं तर विषारी. स्वच्छ सुती मोजा सैल घाला, चाटू देऊ नका, उद्या सकाळीच दाखवा. रात्रीत धाप थांबत नसेल, लाळ गळत असेल किंवा उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नका. तो उष्माघात असू शकतो.

खाडीकाठ:
मांजरांना पण हे होतं का? आमची दुपारी पत्र्यावर झोपते.

मृगनक्षत्र:
दाखवून आणलं. भाजलंच आहे. मलमपट्टी केली, गळ्यात कॉलर घातली, गोळ्या दिल्या. जखम भरेपर्यंत बूट बंद. आज पहाटे सव्वापाचला शेजारच्या मैदानात मातीवर नेलं. तीन पायांवर का होईना, शेपटी हलवत गेला.
ठेचा भाऊ, संध्याकाळी किती वाजता नेता तुम्ही?

वऱ्हाडी ठेचा:
साडेनऊनंतर. तेही हात टेकवून.