गायक केके गेला. तुमच्या आठवणी लिहा (अनुभव धागा)

कृष्णाकाठची
परवा रात्री बातमी वाचली तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. ३१ मे २०२२, कोलकात्याचा नझरुल मंच. समोर कॉलेजची पोरं. गायला, हॉटेलवर परतला आणि संपलं. ५३ हे काय जायचं वय आहे? काल रवींद्र सदनात बंदुकांची सलामी दिली, आज वर्सोव्याला अंत्यसंस्कार झाले. शेवटचं गाणं म्हणे 'पल'च गायला.

१९९९ ला त्याचा 'पल' अल्बम आला तेव्हा मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला अकरावीत. हरभट रोडवरच्या दुकानातून आम्ही मैत्रिणींनी वर्गणी काढून एकच कॅसेट घेतली होती. ती भिशीसारखी फिरायची, या आठवड्यात हिच्या घरी, पुढच्या आठवड्यात तिच्या. कव्हरमधला घडीचा कागद असतो ना, त्यावर गाण्यांच्या यादीखाली जिच्याकडे कॅसेट जाईल तिनं आपलं आद्याक्षर लिहायचं. वर्षअखेरीला त्या कागदाच्या घड्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि अक्षरं समासातून वर चढत संगीतकार लेस्ली लुईसच्या नावापर्यंत पोचली होती.

इतर हिरोंची पोस्टरं आमच्या वह्यांत, कपाटाच्या दाराला आतून. याचं एकही नव्हतं. तो दिसायचाच नाही कुठं, मुलाखती नाहीत, पुरस्कारांच्या रांगेत नाही. पण आमच्या त्या वयावर त्याच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नाही. बाकीची गाणी एकाच कुणासाठी असतात, याची गाणी सगळ्या घोळक्याची होती. ज्यांच्याशी कित्येक वर्षांत बोलणं नाही अशा मैत्रिणींचे आज फोन आले. एक तर दुबईहून. 'हॅलो' म्हटलं आणि पुढं दोघींनाही बोलवेना.

तुमचंही लिहा. तुटक लिहा, लांब लिहा, कसंही.

पोवई नाका
साताऱ्यात शिक्षक आहे. केकेचं 'यारों' झाल्याशिवाय संपलेला निरोप समारंभ मी अजून बघितलेला नाही. यंदा तर विचारू नका. नववी अख्खी मोबाइलच्या पडद्यावर गेलेली पोरं, दहावीचे जेमतेम काही महिने वर्गात बसायला मिळालेले. एकमेकांची तोंडं मास्कशिवाय नीट बघायला मिळतायत तोवर निरोपाची वेळ आली. जो मुलगा गायला उभा राहिला त्याचा आवाज नुकताच फुटतोय, वरच्या पट्टीत जाईना. अर्ध्यात थांबला, तर मागच्या बाकावरच्यांनी गाणं उचललं. मग मुलींनी. मग आमच्या पर्यवेक्षक बाईंनी. या पोरांच्या जन्माआधीचं गाणं आहे हे, आणि त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

घाटमाथा
भावपूर्ण श्रद्धांजली 🙏

सैनिकी
सातारा सैनिक शाळा. आमच्या डॉर्मिटरीत 'रॉकफर्ड' सिनेमा बघून आलेल्या सीनियरांनी हे 'यारों' गाणं आणलं. तो सिनेमाही बोर्डिंगच्याच पोरांचा, त्यामुळं आम्हाला वाटायचं गाणं आमच्यासाठीच केलंय. बारावी संपल्यावर ट्रंका गाडीवर चढवत असताना कोणी रडायचं नाही असं ठरलेलं. एकानं नुसती शीळ घातली, त्या गाण्याची. पुढचं काय सांगू. आता आमचे तिघे सीमेवर आहेत, एक जण विमानं उडवतो. ग्रुपवर परवा मध्यरात्रीपासून एकही शब्द नाही, सगळ्यांनी नुसतं तेच गाणं टाकलंय, एकाखाली एक.

उसाचा फड
आमी वाळव्याकडचं. कॅसेट-बिसेट वर्गणी काढून घ्यायची आमची ऐपत नव्हती, पण ट्रॅक्टरला टेप व्हता. सीझनला उसाच्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या नंबरात दोन-दोन दिस उभं ऱ्हायचं. म्या वडलांसंगं. डिसेंबरची थंडी, ऊस पेटवून शेकत बसलेली माणसं, आन रात्री दोनला कुणीतरी 'हम दिल दे चुके सनम'मधलं 'तडप तडप' लावायचा. एका ट्रॅक्टरला लागलं की फुडच्यानं आपला टेप बंद करायचा. सगळी रांग ऐकायची. बीडकडची तोडणीवाली माणसं झोपलेली पोरं मांडीवर घिऊन ऐकत बसायची. गव्हाणीवर नंबर लागला तरी माणसं हलायची न्हाईत गाणं संपस्तवर, मागनं शिव्या पडायच्या. सिनेमा म्या लई उशिरा बघितला. आदी वाटायचं ह्यो मानूस बी आपल्यागतच कुठंतरी रांगंत उभा हाय.

कृष्णाकाठची
दादा, काय लिहिलंत हो. परत परत वाचतेय.

मिरजकर
आमच्या गल्लीत सतारी-तंबोरे बनतात, घरात चौथी पिढी. मीरासाहेबांच्या उरुसाला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत होणारं गाणं रात्रभर ऐकत मोठे झालो, त्यामुळं सिनेमाच्या गाण्याला घरात फारसा मान नव्हता. आजोबा तंबोऱ्याची जवारी लावत बसलेले. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कानसेनं इतकी हळू घासायची की भुकटी नखावर मावेल, मग तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. त्यात बोललेलं त्यांना अजिबात खपत नसे. शेजारच्या रेडिओवर केके लागला आणि त्यांचा हात थांबला. मी धरून चाललो, आता रेडिओ बंद करून ये म्हणणार. म्हणाले, "कोण रे हा? कुणाकडं शिकला?"

पुढं कळलं की रीतसर कुणाकडंच शिकलेला नाही. दिल्लीत वाढलेला मल्याळी मुलगा, हॉटेल व्यवसायात काही महिने मार्केटिंगची नोकरी केली, १९९४ ला मुंबईत आला आणि जाहिरातींच्या जिंगल्स गात राहिला. ३,५०० जिंगल्स सांगतात. माझ्या मते त्याची तालीम तिथं झाली. अर्ध्या मिनिटात सूर पक्का लागलाच पाहिजे, दुसरी संधी नाही. वरच्या सुरातही तो ओरडत नाही, नीट ऐका. आवाज पातळ होत नाही आणि फाटतही नाही. आजोबांना हे सांगायला हवं होतं, पण ते तोवर नव्हते.

वाईची लेक
@मिरजकर दादा विषय सोडून विचारते, रागावू नका. सासूबाईंच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकलाय. दुरुस्त होतो का बदलावाच लागतो? त्या रोज त्याकडं बघून हळहळतात.

मिरजकर
रागावायचं काय त्यात ताई. भेग कुठं आहे, देठाकडं की पोटावर? फोटो पाठवा. बारीक असेल तर आतून कापडाची पट्टी सरसानं चिकटवून सांधता येते. भोपळे पंढरपूरकडून येतात आमच्याकडं, चांगला मोठा, जाड सालीचा मिळणं आता अवघड झालंय, म्हणून शक्यतो जुनाच वाचवायचा.

चार भिंती
माझा केके कॅसेटचा नाही, मेमरी कार्डाचा. २००६-०७. स्टँडसमोर एक जण काँप्युटर घेऊन बसायचा, दहा-वीस रुपयांत कार्ड भरून द्यायचा. कागदावर गाणी लिहून न्यायची. आमच्या यादीत इम्रान हाश्मीची सगळी, म्हणजे पर्यायानं केकेची सगळी. संध्याकाळी चौघं अजिंक्यताऱ्यावर जायचो. एकाच्या चायना मोबाइलला मागं मोठे स्पीकर होते, तो दगडावर ठेवायचा आणि खाली साताऱ्याचे दिवे लागेपर्यंत बसायचं. कोण कुणासाठी कुठलं गाणं लावतंय ते सगळ्यांना माहीत असायचं.

तो चायना मोबाइलवाला गेल्या वर्षी मे महिन्यात गेला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. बेड मिळेपर्यंत ऑक्सिजन पंच्याहत्तरवर आला होता. आम्हाला खांदा द्यायला मिळाला नाही. परवा केकेची बातमी आली आणि मी पहिला फोन त्यालाच लावायला गेलो.

दोघांसाठी एकदमच रडलो म्हणा. त्याच्यासाठी नीट रडायचं राहिलंच होतं.

पोवई नाका
काय बोलू भावा. त्या मे महिन्यानं प्रत्येक गल्लीतला कुणी ना कुणी नेला.

प्रीतिसंगम
@चार भिंती, घरच्यांची काळजी घेताय ना त्याच्या? काही लागलं तर कराडात आहे मी. संकोच नको.

चार भिंती
घेतोय दादा. मुलगी तिसरीत आहे. तिला बाबांची गाणी हवी होती, ती यादी पेन ड्राइव्हवर करून दिलीय. रोज शाळेची तयारी करताना लावते म्हणे वहिनी.

रात्रपाळी
मिरजेत नर्स आहे, आत्ता ड्यूटीवर, म्हणून थोडक्यात. तो केकेचा घाम पुसतानाचा व्हिडिओ सगळे पुढं ढकलताय. त्याऐवजी हे पुढं ढकला: छातीत दडपण, डावा हात, खांदा किंवा जबडा दुखणं, दम लागणं, दरदरून घाम, यातलं काहीही झालं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन झोपू नका. ईसीजी काढा. बायकांना तर कधी कधी नुसती मळमळ आणि थकवा येतो. चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं आमच्याकडं फार उशिरा येतात, "सकाळी दाखवू" म्हणून थांबलेली.

आणि आठवण म्हणाल तर नर्सिंग हॉस्टेलला रात्री दहाला दिवे बंद. त्यानंतर अंधारात एक जण 'जस्ट मोहब्बत' मालिकेचं त्याचं गाणं सुरू करायची, बाकी खोल्यांतून साथ. वॉर्डन बाई दारात येऊन उभ्या राहायच्या पण गाणं संपल्यावरच ओरडायच्या. बेल वाजली, जाते.

हळदीचं पेव
आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तळमजला पूर्ण बुडाला. आधी २००५ ला उंबऱ्यावर येऊन गेलं होतं, म्हणून यावेळी सगळं माळ्यावर टाकलं, पण कॅसेटचा खोका जिन्याखालीच राहिला. पाणी उतरल्यावर चिखल काढताना फावड्याला फीत गुंडाळून यायला लागली. मीटर-मीटर. तपकिरी, चमकणारी. बायको म्हणाली राहू दे, टाकून देऊ. मी एकेक कॅसेट बादलीत धुतली. 'पल'चं पारदर्शक कवच शाबूत होतं, आत गाळ. ती अजून ठेवलीय खिडकीत. वाजणार नाही हे माहीत आहे.

कृष्णाकाठची
अहो आमच्याकडंही अल्बम गेले, लग्नाचा सुद्धा. विश्रामबागेत पाणी नव्हतं, पण माहेर गावभागातच. आईनं कागदपत्रं वाचवली आणि फोटो गेले. त्या वर्षी सांगलीतल्या किती घरांत जुने फोटोच उरले नाहीत.

हळदीचं पेव
माहेर गावभागात कुठं? केशवनाथ मंदिराकडं का?

कृष्णाकाठची
तिथंच, मागच्या बोळात. म्हणजे तुम्ही आमच्या भावाला ओळखत असणार!

हळदीचं पेव
चेहऱ्यानं नक्की ओळखत असेन. विचारून बघा त्याला, बँडवाल्यांच्या शेजारचं घर म्हणावं.

घाटमाथा
कासच्या रस्त्याला आज पाऊस आहे का कुणाला कल्पना? यवतेश्वरच्या वर ढग दिसतायत. उद्या पाहुणे न्यायचेत.

पोवई नाका
वळवाचा शिडकावा झाला दुपारी. सकाळी लवकर निघा, फुलं मात्र आत्ता नाहीत, ती ऑगस्ट-सप्टेंबरला. पाहुण्यांना आधीच सांगा.

२००४ची
मी सगळ्यात लहान आहे वाटतं इथं. आमच्या घरी केके म्हणजे आईचा. भाकरी करताना मोबाइल डब्यावर टेकवून ऐकते. मला वाटायचं आईच्या वेळचं गाणं म्हणजे जुनं. या वर्षी बारावीचा शेवटचा पेपर झाला आणि केंद्राच्या फाटकाबाहेर आम्ही सगळ्याजणी उभ्या होतो, कुणालाच रिक्षा पकडावीशी वाटेना. तेव्हा मीच 'यारों' लावलं. घरी येऊन आईला सांगितलं तर तिनं सगळं विचारून घेतलं, कोण कोण होतं, कोण आधी रडलं. काल ती आणि मावशी फोनवर तासभर गप्प होत्या जवळजवळ, मध्येच एखादं नाव घ्यायच्या. मी तिला हा धागा वाचून दाखवतेय. ती म्हणते उसाच्या फडवाल्या दादांना नमस्कार सांग.

उसाचा फड
आईस्नी बी नमस्कार. बारावीचा निकाल कळव गं पोरी, पेढं खायला येतो साताऱ्याचं.

२००४ची
कळवते काका, पण आम्ही इस्लामपूरच्या! पेढे आणायला लागतील तुम्हालाच 😄

प्रीतिसंगम
'यारों' आणि 'पल' सगळे ऐकतात. त्याच कॅसेटमधलं 'आप की दुआ' ऐका आज. त्यात तो वेगळाच आहे, खट्याळ, मोकळा. 'तडप तडप'सारखं एवढं मोठं दुःखाचं गाणं ज्यानं त्याच वर्षी गायलं त्याच माणसाचा हा आवाज आहे हे मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. आम्हाला त्याचं दुःख फार आवडलं, पण त्याच्याजवळ आनंदही तेवढाच होता.

वाईची लेक
@मिरजकर दादा फोटो पाठवलाय. भेग पोटावर आहे, वीतभर. सासूबाई म्हणतात मिरजेलाच न्यायचा, दुसरीकडं कुठं द्यायचा नाही.

मिरजकर
बघितला ताई. होईल. पाऊस लागायच्या आत आणा, दमट हवेत सरस लवकर वाळत नाही. एसटीनं आणू नका, गादीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवा.

वडाप
आत्ता वाचलं सगळं. उंब्रज-पाटण लाइनला गाडी आहे माझी. दोन दिवस फक्त केके लावलाय. एरवी शीटं म्हणतात आवाज कमी कर, जरा दुसरं लाव. काल एक म्हातारे गृहस्थ पुढं बसलेले, म्हणाले राहू दे, पोरगा गेलाय ना तो. सकाळी कॉलेजच्या पोरी होत्या, सगळ्या वाटेत गात होत्या, एकीनं उतरताना विचारलं, परतीला पण हेच लावणार का? म्हटलं लावणार की. संध्याकाळच्या फेरीला त्या तिघी दुसरी गाडी सोडून माझ्याच गाडीला थांबल्या. अजून लिहायचंय पण शीटं भरली, निघतो. रात्री लिहितो.