बर्बेरिन 'झाडाचं' आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचं नाही का?

कृष्णमेघ (धागाकर्ता)
माझ्या मोठ्या भावाला बारा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. तीन आठवड्यांपूर्वी त्याने कोणालाही न सांगता बर्बेरिनच्या (दारुहळदीतून काढलेल्या अर्काच्या) कॅप्सूल सुरू केल्या, दिवसाला तीन. परवा पहाटे वहिनीने मला हाक मारली. जाऊन बघतो तर बनियन घामाने चिंब, हात थरथरताहेत, मुलाचं नाव विचारलं तर आठवेना. ग्लुकोमीटरवर शुगर फक्त ४८. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, ७१. शुद्धीवर आल्यावर म्हणतो कसा, "अरे, ती झाडाची आहे, तिने काय होणार?"

माझं म्हणणं एवढंच आहे. शुगर खाली आणते ती गोष्ट औषधच, मग ती दारुहळदीच्या मुळातून येवो की कारखान्यातून. डॉक्टरांपासून लपवून ती घेऊ नये.

रानवाट
भाऊ आता बरे आहेत ना? वाचून जीव धसकला. पण शुगर एवढी उतरवण्यात ग्लिमेपिराइडचा वाटा मोठा असणार, ते एकटंही उतरवू शकतं. दोष एकट्या बर्बेरिनवर टाकू नका. २००८ मध्ये चीनमधल्या चाचणीत नव्याने निदान झालेल्या ३६ जणांना तीन महिने बर्बेरिन किंवा मेटफॉर्मिन दिलं. बर्बेरिन घेणाऱ्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा) ९.५ वरून ७.५ वर आलं, मेटफॉर्मिनच्या बरोबरीने. आणि मेटफॉर्मिनचं मूळ तरी कुठलं? गॅलेगा नावाच्या वनस्पतीतलंच. मधुमेहावरची आजची ग्लिफ्लोझिन औषधं सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनवरून आली, ते तर १८३५ मध्येच वेगळं काढलं होतं. मी स्वतः सहा महिने बर्बेरिन घेतोय. ७.४ चं ६.७ झालं.

सावधचित्त
रानवाट, त्या सहा महिन्यांत चालणं वाढलं का? वजन उतरलं का? तेही सांगा, नाहीतर ते ६.७ कशामुळे हे कळणार कसं?

३६ माणसं आणि तीन महिने, यावर मी आयुष्यभराची गोळी ठरवणार नाही. १९९८ मध्ये आलेल्या यूकेपीडीएस या ब्रिटनमधल्या मोठ्या मधुमेह-चाचणीत वजन जास्त असलेल्या रुग्णांना मेटफॉर्मिन देऊन दहा वर्षांहून जास्त काळ पाहिलं गेलं, आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी दिसले. आकडा उतरणं वेगळं आणि माणूस जगणं वेगळं. दालचिनीचंच बघा. २००३ मध्ये ६० जणांच्या चाचणीत उपाशीपोटीची शुगर १८ ते २९ टक्के उतरली, केवढा गाजावाजा झाला! २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही अनेक चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) १० चाचण्या, ५७७ माणसं एकत्र घेतली, तर उपयोग होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असं निघालं.

रानवाट
चालणं वाढलं, हो. तीन किलो वजनही उतरलं. मान्य.

पण ज्या मुळावर पेटंट मिळत नाही त्यावर दहा वर्षांची चाचणी करायला पैसा कोण घालणार? चाचणी झाली नाही म्हणून औषध निकामी ठरत नाही. थायलंडमध्ये २४० प्रीडायबेटिक (मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या) लोकांना नऊ महिने हळदीतलं कर्क्युमिन किंवा प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) दिलं होतं. प्लासिबोवाल्यांपैकी १६.४ टक्क्यांना मधुमेह झाला, कर्क्युमिनवाल्यांपैकी एकालाही नाही. हे २०१२ मध्ये छापून आलं आहे. एवढं दिसल्यावर मोठी चाचणी व्हायला हवी की नको?

खलबत्ता
व्हायलाच हवी. मी फार्मासिस्ट आहे, माझी काळजी दुसरीच आहे. औषधांचा निचरा करणारी यकृतातली काही एन्झाइम्स बर्बेरिन मंदावतं. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या रक्तात त्यामुळे सायक्लोस्पोरिन (नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) वाढतं. गरोदरपणात तर ते घेऊच नये. कर्क्युमिन नुसतं घेतलं तर फारसं अंगी लागत नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपेरिन घालतात, आणि मग ते रक्तात कितीतरी पटींनी जास्त पोहोचतं. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. दुसरं म्हणजे, 'शुद्ध वनस्पतिजन्य' म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या काही उत्पादनांत अमेरिकेच्या एफडीएला (औषध नियंत्रण संस्थेला) लेबलवर नसलेलं ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे ग्लिमेपिराइडच्याच जातीचं औषध, आणि मेटफॉर्मिन सापडलं आहे. ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाच्या पोटात नकळत ग्लिबेनक्लामाइडही गेलं तर काय होईल, विचार करा.

रानवाट, तुमच्या डॉक्टरांना बर्बेरिनचं ठाऊक आहे?

रानवाट
नाही. आधी एकदा एका डॉक्टरांपुढे मेथीच्या अर्काचं नाव काढलं होतं. त्यांनी मान वर न करता "बंद करा" म्हटलं आणि पुढच्याला बोलावलं. का घेतोय, किती घेतोय, काहीच विचारलं नाही. लोक लपवतात त्याला हेही एक कारण आहे, कृष्णमेघ.

कृष्णमेघ
भावाने अगदी हेच सांगितलं. काल मी बाटलीच घेऊन त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी लेबल वाचलं, कधीपासून, दिवसाला किती, जेवणाआधी की नंतर, सगळं विचारलं. कॅप्सूल बंद, ग्लिमेपिराइड निम्मं, आठवडाभर रोज चार वेळा शुगर तपासून वहीत लिहायची. भावाला बर्बेरिन पुन्हा सुरू करायचंच आहे. त्यावर ते म्हणाले, आधी वही आणा, मग बोलू. आज सकाळी ११८ आली.

रानवाट
तुमच्या डॉक्टरांनी विचारलं, हे वाचून बरं वाटलं. माझी पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे. बाटली पिशवीत टाकून ठेवली आहे.