आईच्या हिरड्या सुजल्यात, पण दुखत नाही म्हणून ती दातांच्या डॉक्टरकडे यायला तयार नाही

नमस्कार. आई ६२ वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून तिच्या खालच्या समोरच्या दातांच्या हिरड्या सुजल्यात. परवा टॉर्च लावून बघितलं आणि घाबरलेच. दोन दातांच्या फटीत हिरडीचं जे टोक असतं ना, ते फुगून गोल झालंय, लालभडक आणि चकचकीत. आतल्या बाजूला पिवळट-तपकिरी कीटण. ब्रश केला की रक्त येतं, म्हणून तिने तिथे ब्रश फिरवणंच सोडलंय. मला वाटतं त्यानेच जास्त वाढलंय.

वर तिला मधुमेह. "दुखत नाही ना, मग कशाला? आणि दात साफ केले की हलायला लागतात," हे तिचं ठरलेलं उत्तर. मिठाच्या पाण्याने गुळण्या करते, सूज जरा उतरते, दोन दिवसांनी पुन्हा तेच. बाबांचे दात असेच एकेक करून गेले, आणि त्यांनाही कधी दुखलं नव्हतं. म्हणून मला आता थांबायचं नाहीये. साफ केल्याने दात खरंच ढिले होतात का? तिला काय सांगू?

प्रतिसाद:
ताई, नाही होत. आतलं हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या थराने दात एकमेकांना धरून असतात. तो थर निघाला की हलणं जाणवतं, एवढंच. माझ्या सासूबाईंनाही हीच भीती होती.

कीटण घट्ट झालं की ब्रशने किंवा गुळण्यांनी निघत नाही, ते काढूनच घ्यावं लागतं. सूज हिरडीपुरती असेल तर पूर्ण बरी होते. हाड झिजलं की ते सहसा आपोआप भरून येत नाही. डॉक्टर बारीक सळईने दात आणि हिरडीमधली खोली मोजतील. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे उपचार लागतात. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही, हे आईंना नक्की सांगा. तोपर्यंत मऊ ब्रश, हलक्या हाताने, पण तिथेही फिरवायचाच. पू, ताप किंवा गालावर सूज आली तर त्याच दिवशी गाठा.

बीपीची गोळी चालू आहे का? अ‍ॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात. मनाने बंद मात्र करू नका.

धागाकर्ती:
आत्ताच पाकीट बघितलं, अ‍ॅम्लोडिपिनच आहे! साखरेचं ऐकून आई तयार झाली. उद्या सकाळची वेळ मिळालीये. रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून ठेवलीत.