मदत हवी आहे: जुन्या सीपीयूवर पॉपकाउंटचं इम्युलेशन, उत्तर चुकतंय

नमस्कार मंडळी,

गावच्या वाचनालयातला पीसी कोअर २ डुओ ई७५०० आहे, वर ६४-बिट लिनक्स. मुलांसाठी एक प्रोग्राम हवा आहे, पण उघडताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडतो. जीडीबीत (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) पाहिलं, तर अडतेय पॉपकाउंट, म्हणजे आकड्यातले १ असलेले बिट मोजणारी इन्स्ट्रक्शन. या सीपीयूत एसएसई (जादा इन्स्ट्रक्शन्सचा संच) ४.१ आहे, ४.२ आणि पॉपकाउंट नाहीत. सोर्स मिळत नाही, त्यामुळे पुन्हा कंपाइल करता येत नाही.

अनोळखी इन्स्ट्रक्शन आली की सीपीयू ६ नंबरचं एक्सेप्शन देतो आणि कर्नल प्रोसेसला सिगइल (चुकीच्या इन्स्ट्रक्शनचा सिग्नल) पाठवतो. जुन्या ४८६ एसएक्स सीपीयूमध्ये एफपीयू (दशांशाची गणितं करणारा भाग) नव्हता, तिथे लिनक्स कर्नल ७ नंबरचं एक्सेप्शन पकडून दशांशाची गणितं स्वतः करायचा. त्यावरूनच हे सुचलं. एलडी प्रीलोडने (प्रोग्रामसोबत आपला कोड आधी लोड करायची सोय) सिगइल पकडणारा हँडलर घातला. आरआयपी (इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) अडकलेल्या इन्स्ट्रक्शनवरच असतो, म्हणून तिथले बाइट्स वाचतो, बिट मोजतो, उत्तर रजिस्टरमध्ये ठेवून आरआयपी पुढे सरकवतो. रजिस्टरवाला प्रकार, एफ३ ४८ ०एफ बी८ सी७, बिनचूक चालतो.

घोडं अडलंय ते मेमरीवाल्या प्रकारावर: एफ३ ४८ ०एफ बी८ ०५ आणि पुढे ४ बाइट्सचा डिस्प्लेसमेंट (पत्ता काढायचा आकडा). ३२-बिटच्या सवयीने आधी तोच पत्ता धरला, तर सेगफॉल्ट (चुकीची मेमरी वाचल्याने क्रॅश). आता त्यात आरआयपी मिळवतो. क्रॅश थांबला, पण बिटांची संख्या भलतीच येते. दोन रात्री गेल्या. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
पत्ता पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून मोजायचा असतो. तुमची इन्स्ट्रक्शन ९ बाइट्सची, म्हणून आरआयपी + ९ + डिस्प्लेसमेंट, आणि डिस्प्लेसमेंट साइन्ड (ऋणही असू शकतो असा) वाचा. फ्लॅग (निकालाची खूण ठेवणारे सीपीयूतले बिट) बदलताय ना? सोर्स ० असेल तरच झीरो फ्लॅग १. कॅरी, ओव्हरफ्लो, साइन, पॅरिटी, ऑक्झिलरी सगळे ०. नाहीतर पुढचा जंप चुकेल.

डिसअसेम्बलीत (प्रोग्रामच्या इन्स्ट्रक्शन्सच्या यादीत) एलझेडसीएनटी, म्हणजे आकड्याच्या सुरुवातीची शून्यं मोजणारी इन्स्ट्रक्शन, आहे का तेही बघा. तुमचा सीपीयू त्यातल्या एफ३ कडे दुर्लक्ष करून ती बीएसआर (सर्वात वरच्या १ ची जागा सांगणारी इन्स्ट्रक्शन) म्हणून चालवतो. एक्सेप्शन येतच नाही, गुपचूप चुकीचं उत्तर मिळतं.

मूळ धागाकर्ता:
९ मिळवले आणि आकडे जुळले, मनापासून आभार! झीरो फ्लॅग खरंच राहिला होता. एलझेडसीएनटी कुठेच नाही. पण एका लूपमध्ये पॉपकाउंट सारखं येतं, दर वेळी कर्नलची फेरी होते आणि प्रोग्राम फार हळू चालतो. पहिल्यांदा अडकल्यावर त्याच ५ बाइट्सवर कॉल लिहिला तर बरोबर मावतो. पण कॉल स्टॅकवर परतीचा पत्ता टाकणार, म्हणजे रेड झोनचे (स्टॅकच्या टोकाखाली फंक्शन न सांगता वापरू शकतं ती जागा) १२८ बाइट्स धोक्यात. ते कसे सांभाळायचे? कुणी केलंय का?